मेराजच्या दिवशी माले गावात

पौडच्या स्टँडवर गाडी बदलताना खिरीचा डबा कलंडला. निम्मी खीर माझ्या पिशवीत, उरलेली शेजारी उभ्या असलेल्या बाईंच्या चपलेवर. त्यांनी मुकाट्याने चप्पल पुसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माल्याला उतरले तेव्हा जानेवारीचं कोवळं ऊन पडलं होतं. भात निघालेल्या खाचरांत हरभरा हिरवागार, पलीकडे डोंगर. पण मी हवा खायला आले नव्हते, थोरल्या भावाला न्यायला आले होते. भाभी गेल्यापासून भाईजान गाव सोडत नाहीत. माझ्या मुलीला वडील नाहीत. निकाहात वकील (वधूची संमती विचारून काझींना कळवणारा) म्हणून तिला मामूच हवेत, नाहीतर निकाहच नको म्हणते. फोनवर भाईजान नुसतं "बघू" म्हणायचे.

त्यांनी अंगणात बाज टाकली. स्वतःचा मेराजचा रोजा, तरी मला तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी वाढली. मी विषय काढला.

"न्हाई रजिया. माजं मन आता मान्सांत लागत न्हाई. दुसरं कुनी बघ."

राग आला, आणि त्याहून जास्त त्यांची कीव आली.

तेवढ्यात शेजारच्या पारूबाई शेंगा घेऊन आल्या. "तुमी न्हाई जेवत? आज कसला उपास?"

मीच सांगितलं. पैगंबरसाहेबांची बायको गेली, पाठीशी उभे राहणारे काका गेले, ते दुःखात बुडाले. मग एका रात्रीत अल्लाहने त्यांना मक्केहून जेरुसलेमला आणि तिथून सात आसमानांपलीकडे आपल्याजवळ नेलं. ती मेराज. आमची पाच वेळची नमाज तिथूनच आली.

पारूबाई खालीच बसल्या. "मंग त्ये परत कशापायी आले? येवढं सोसल्यालं मानूस, देवापाशी पोचलं. तितंच ऱ्हायाचं की!"

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण हे कधी मनातही आलं नव्हतं.

भाईजान बाजेच्या काथ्याशी चाळा करत होते. "मान्सं व्हती न्हवं खाली," ते म्हणाले. "वाट बघत आसतील. त्यास्नी सोडून तितं कसं ऱ्हानार?"

बोलून गेले आणि काथ्यावरचा त्यांचा हात थांबला. पारूबाई शेंगा ठेवून घरी गेल्या. मी पुन्हा विषय काढला नाही.

संध्याकाळी ते मला पोचवायला फाट्यापर्यंत आले. गाडी दिसली तेव्हा कुठे तोंड उघडलं. "पोरीला सांग, मामू येतोय. पर रडू नगं म्हनावं."

मेराज म्हटलं की मी आजवर वरच बघत आले. परत येणं हाही त्याच प्रवासाचा भाग आहे, हे भाईजानांनी मला सांगितलं, खरं तर स्वतःलाच सांगितलं. गाडीतूनच मुलीला फोन लावला. "मामू येतायत" एवढंच मी म्हणाले. पुढचा निरोप सांगायची सोयच राहिली नाही, कारण आधी मीच रडले.