तानूबाईंच्या ओव्या आणि माझी वायर

कानात घालायचे स्वस्तातले वायरवाले इअरफोन आजच्या काळात घ्यावेत का, असं परवा तुमच्यापैकीच कुणीतरी विचारलंत आणि मी गप्प झालो. एरवी मी गप्प होत नाही, हे तुम्ही जाणताच! तेव्हा चहा ओता. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी माझी फजिती सांगावी लागेल. तुम्ही हसलात तरी हरकत नाही. मला मात्र त्यात अजून पुरतं हसू येत नाही.

गोष्ट गेल्या थंडीतली. हुपरीच्या तानूबाई चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडता जोडता जात्यावरच्या ओव्या म्हणतात, असं कळलं. पाहा, जातं घरातून गेलं, पण ओवी गेली नाही. ती चांदीच्या कामावर येऊन बसली! लोकसाहित्याच्या अभ्यासकाला आणखी काय हवं? बाईंनी सत्तरी ओलांडलेली, छाती अधू. त्यांची मुलगी शालन फोनवर म्हणाली, "सर, लौकर या. आईला लई दम लागतोय. तिच्या ओव्या अजून कुणी उतरून घेतल्या न्हाईत."

झालं! मी तडक राजारामपुरीत सलीमभाईंच्या मोबाइलच्या दुकानात गेलो.

"वायरीचे इअरफोन द्या."

"सर, आता वायरीचं कोण घेतंय? हे बघा बिनवायरीचं. डबीत ठेवायचं, कानात घालायचं, विषय संपला."

तेवढ्यावर मी काय करावं? मी व्याख्यान दिलं! म्हणालो, सलीमभाई, कथांमधून जोडीनं येणाऱ्या वस्तूंपैकी एक हटकून हरवते. तुमच्या या दोन बिया त्याच जातीच्या आहेत. वायर म्हणजे संबंध. वायरीला चार्जिंग लागत नाही, ती गटारात घरंगळत नाही, आणि गुंता झालाच तर माणसाला सोडवता येतो. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक तेवढ्यात निघूनही गेलं.

सलीमभाईंनी निमूटपणे वायर काढली आणि तिच्यावरची एक छोटी गोळी चिमटीत धरून दाखवली. "ह्या गोळीत माईक हाय. बोलायचं ते हितनं. आनी सर, ही फोनला लावली की..."

"मला बोलायचं नाही, सलीमभाई," मी त्यांना मध्येच थांबवलं. "मला ऐकायचं आहे."

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. माझ्या तर ते जन्मभर लक्षात राहणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुपरी. थंडी अशी, की गळ्याभोवती मफलरचे तीन वेढे. तानूबाई पाटावर बसून चिमट्यानं कड्या जोडत होत्या. मी फोन अगदी त्यांच्या गुडघ्याशी ठेवला, ध्वनिमुद्रण चालू केलं आणि वायर स्वतःच्या कानात घातली. का घातली? रास्त प्रश्न आहे! पूर्वी एकदा रेडिओवर भाषण द्यायला गेलो होतो, तिथला ध्वनिमुद्रक कानांना हेडफोन लावून बसला होता. मुद्रण करायचं तर कान झाकायचे, एवढाच शास्त्रार्थ मी तिथून उचलला होता. बाईंचा आवाज मला दबून येऊ लागला, तसं मी समजलो, यंत्र उत्तम चाललं आहे. कानात बोळे घातल्यावर दुसरं काय होणार होतं?

बाई गाऊ लागल्या. काय सांगू! दम लागत होता, पण ओवीची ओळ तुटत नव्हती. जिथं श्वास अडे, तिथं चिमट्याची टकटक ती ओळ पुढं नेई. आणि मी? मी दाद देत होतो. "वा! थांबा, तानूबाई. हे रूप मलकापूरकडे निराळं ऐकायला मिळतं. त्याचं कारण असं, की..." शालननं चिवडा दिला, तो मी खाल्ला. चहा दिला, तो फुंकून प्यायलो. पुन्हा थोडं विवेचन. बाई थांबत, माझ्याकडे बघत, पुन्हा सुरुवात करत. मध्ये एकदा मी हात धुवायला परड्यात जाऊन आलो. दुपारपर्यंत चार मुद्रणं झाली.

घरी येऊन तपासलं नाहीत का, असं तुम्ही विचाराल. तपासलं की! पहिलं वाक्य ऐकलं: "आज आपण हुपरीच्या तानूबाईंकडे आलो आहोत." आवाज कसा, खणखणीत! माझाच होता. समाधान झालं, फोन बंद केला.

महिन्याभरात तानूबाई गेल्या.

शालनचा फोन आला. "सर, आईचा आवाज हाय न्हवं तुमच्याकडं? आमच्याकडं कुनाच्याच फोनात न्हाई. उत्तरकार्याला समद्यास्नी ऐकवूया म्हंतो."

"अहो, आहे म्हणजे काय!" मी म्हणालो. "संपूर्ण आहे. मोठा स्पीकर मागवा."

स्पीकर मागवायला मीच सांगितलं, लक्षात घ्या. अन्यथा निदान खोलीतल्या खोलीत भागलं असतं.

मांडवात शंभरेक माणूस. फोटोला हार, पुढं तानूबाईंचा चिमटा. मी प्रस्तावना केली, तीही छोटी नव्हती, आणि फोन स्पीकरला जोडला. "आज आपण हुपरीच्या..." माझा आवाज मांडवभर घुमला. लोक सावरून बसले. मग एक प्रचंड खरखर सुरू झाली, जणू खडीच्या ढिगाऱ्यावरून ट्रक चालला आहे. करर्र, करर्र, करर्र!

"ह्ये काय म्हनायचं?" शालनचे बापूमामा म्हणाले.

तो चिवडा होता.

त्यामागं, कुठल्या तरी खोल विहिरीच्या तळाशी कुणी गुणगुणत असावं, असं काहीतरी. आणि वर सतत मी. "वा!" "थांबा." "त्याचं कारण असं, की..." मी घाईघाईनं दुसरं मुद्रण लावलं. मी. तिसरं लावलं. चहाचा घोट, खोकला, मी! वायर लावली की फोनचा स्वतःचा माईक बंद होतो आणि गोळीतला चालू होतो, हे मला त्या मांडवात, शंभर माणसांदेखत उमगलं. ती गोळी त्या दिवशी माझ्या हनुवटीखाली, मफलरच्या तीन वेढ्यांत गुरफटलेली होती.

"पावनं," बापूमामा शांतपणे म्हणाले, "ह्ये जपून ठेवा. तुमच्या उत्तरकार्याला उपेगी पडंल."

मांडवात हशा पिकला. दुखवट्याच्या घरी लोक माझ्यावर हसले आणि मला त्यांचा रागही आला नाही. मी फक्त शालनकडे पाहत होतो. ती हसत नव्हती. "अजून एक ऱ्हायलंय न्हवं?" एवढंच म्हणाली.

चौथं लावलं. मी, मी, मी... मग मफलर सोडल्याची सळसळ. हात धुवायला जाताना मफलर आणि वायर मी बाईंशेजारी चटईवर टाकली होती. दार वाजलं आणि स्पीकरमधून अगदी स्वच्छ, जवळून, तानूबाई बोलल्या:

"शाले, मास्तर गुनाचा हाय गं. पर ह्यो ऐकाय आलाय का सांगाय?"

मग चिमट्याची टकटक. आणि कुणीच ऐकत नाही असं समजून त्यांनी स्वतःपुरती ओवी धरली. पहिली ओळ पूर्ण झाली. दुसरी अर्ध्यावर आली, आणि दार वाजलं.

"हां, तानूबाई! कुठं होतो आपण?"

मांडवात या वेळी कुणी हसलं नाही.

शालननं पदरानं डोळे पुसले. "सर, एवढंच द्या मला. आई अशीच बोलायची. फकस्त शेवटाला तुमी येताईसा... तेवढं काढता येतंय का?"

मी म्हणालो, येतं. ते काम मला जमणारं नव्हतं, म्हणून पुन्हा सलीमभाईंकडे गेलो. त्यांनी तो तुकडा ऐकला, मला तासून वेगळं केलं, अर्धी राहिलेली ओळ अर्धीच ठेवली आणि शालनला पाठवून दिली.

आता तुमचा प्रश्न. वायरवाले इअरफोन घ्यावेत का? अवश्य घ्या. टिकाऊ आहेत, स्वस्त आहेत, आणि माझ्या फजितीत त्यांचा काडीमात्र दोष नाही. पण तो तुकडा घेऊन गेलो, त्या दिवशी मी सलीमभाईंवरच चिडलो.

"अहो, लावल्यावर फोनचा माईक बंद पडतो, हे विकताना सांगायचं नाही का?"

"सांगत हुतो की, सर. तुमी बोलू दिलासा व्हय?"

"बरं, मग आता सांगा. वायर घेतली त्या दिवशी काय सांगणार होता?"

त्यांनी सांगितलं. मी मध्ये बोललो नाही. दोनच वाक्यं होती.