काकूंच्या वजनाची होडी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका पाण्याचा विचार करणारा आणि पाण्यापासून लांब राहणारा माणूस अख्ख्या पनवेलात दुसरा सापडायचा नाही. आयुष्य कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर गेलं. निवृत्त झाल्यावर घरात तसंच टेबल मांडून त्यांनी स्वतःची होडी कागदावर काढायला घेतली. साधी नव्हे, शिडाची, शर्यतीची, दोन माणसांची, आणि जुन्या छोट्या गाडीमागे ट्रेलरवर बांधून कुठेही नेता येईल इतकी हलकी. तिची रुंदी समुद्राने नाही, आमच्या सोसायटीच्या गेटने ठरवली. काका टेप लावून गेट मोजत होते तेव्हा वॉचमनने विचारलंदेखील, "काय काका, मोठा फ्रिज आणताय का?" काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, त्यामुळे शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या वारी, पेन्सिलीला हात लावायचे नाहीत. पण आराखडा उघडा ठेवून समोर बसून राहायचे. "बघायला कुठे मनाई आहे?" म्हणायचे. दोन्ही मुलं इस्रायलला, बोलावून बोलावून थकली. होडी झाली की बघू, हे काकांचं ठरलेलं उत्तर.

आणि होडी काही होत नव्हती, कारण काका आराखडा सारखा बदलत होते. शर्यतीच्या होडीत म्हणे माणसांचं वजन हा होडीचाच भाग. वाऱ्याने होडी कलली की जोडीदाराने दुसऱ्या बाजूला रेलून तोल सांभाळायचा, म्हणून शीड केवढं हे त्याच्या वजनावर ठरतं. जोडीदार अर्थातच काकू. दर रविवारी चहाच्या आधी काकूंना वजनकाट्यावर उभं करायचं आणि आकडा आराखड्याच्या कोपऱ्यात लिहायचा. माझ्याकडचा दिवाळीचा फराळ खाऊन काकू दीड किलोने वाढल्या, तर काकांनी शीड मोठं केलं आणि वर माझे आभार मानले! काकू म्हणायच्या, "अगं, लोक बायकोच्या मापाचं ब्लाउज शिवून घेतात, आमच्याकडे शीड."

मग काकूंचं दुखणं निघालं. फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं. वजन दोन किलोने उतरलं आणि काकांनी महिनाभर खपून शीड लहान केलं. पुन्हा उतरलं, पुन्हा नवा कागद. मला संताप यायचा. अहो, बाई झिजत चाललीय आणि तुम्ही रेघा कसल्या खोडताय! त्या माणसाला दुसरं काही करताच येत नव्हतं, हे तेव्हा मला कळलं नाही. काकूंना कळलं होतं. एका दुपारी जिना चढून, धापा टाकत त्या वर आल्या.

"तुझ्या सासऱ्यांच्या दुकानातली वजनं आहेत का गं अजून? एक किलोचं दे."

"कशाला हो?"

"ह्यांच्या काट्यासाठी. आकडा हलला नाही तर हे बांधायला घेतील. मला शर्यत-बिर्यत काही नको बाई. एकदा ह्यांच्याबरोबर त्या होडीत बसायचंय, बस."

मी दिलं. ते लोखंडी वजन फडक्यात गुंडाळून, साडीच्या आत कमरेला बांधून रविवारी त्या काट्यावर चढल्या. काका इतके खूश झाले की त्याच दिवशी प्लायवुड बघायला गेले. पुढे दोन किलोचं लागलं. मग काकू पाच किलोचं मागायला लागल्या. ते त्यांना उचलवेना, म्हणून काका अंघोळीला गेले की मीच खाली जाऊन बांधून द्यायचे. "दिसतंय का गं?" त्या पदर सारखा करत विचारायच्या. काकांना सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं, पण तोंड उघडलं नाही.

सोसायटीच्या आवारातच होडी बांधून झाली. गेटमधून बोटभर जागा ठेवून बाहेर पडली तेव्हा वॉचमनने टाळ्या वाजवल्या. उलव्याच्या बाजूला एका ओळखीच्या कोळ्याने ती खाडीत उतरवून दिली. "भरती हाय तवर फिरा, मंग नुसता चिखल," तो म्हणाला. काका शिडाच्या दोऱ्यांत गुंतले होते. काकूंना मी आणि त्या कोळ्याने उचलून बसवलं. आज कमरेला वजन नव्हतं; त्या इतक्या हलक्या लागल्या की तो माझ्याकडे बघतच राहिला. शीड भरलं, होडी निघाली. जरा वारा वाढला तशी ती भलतीच कलली. काकू दोन्ही हातांनी दोरी धरून मागे रेलल्या, होता नव्हता तेवढा जीव लावून. होडी सरळ होईना. काकांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. किनाऱ्यावरून मला चेहरा दिसला नाही, पण शीड हळूहळू सैल पडताना दिसलं. मग दोघं तशीच सावकाश फिरत राहिली. काकूंचं हसणं किनाऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. परतल्यावर काका त्यांच्यासमोरच मला म्हणाले, "माझंच गणित चुकलं. शीड जरा मोठं झालं."

तीन आठवड्यांनी काकू गेल्या. त्यांच्या रीतीप्रमाणे काका सात दिवस घरात जमिनीवर बसून होते. शेवटच्या दिवशी मी चहा घेऊन गेले आणि सगळं सांगून टाकलं. "काका, चुकलंच माझं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

काकांनी कप खाली ठेवला. "सांगितलं असतंस तर मी पुन्हा नवा कागद घेतला असता," ते म्हणाले. "ती गेली त्या दिवशीसुद्धा मी रेघच ओढत बसलो असतो."

मग तोंडावर हात घेऊन ते हुंदके देऊन रडले. जरा वेळाने म्हणाले, "अर्धा तास मिळाला गं आम्हाला. चांगला अर्धा तास."

मी नुसती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले.