तांबड्या भाकरीचा तारांकित प्रश्न

आमच्या खासदारसाहेबांचा परराष्ट्र धोरणावर भारी जीव होता. मी त्यांची टायपिस्ट होते, म्हणून हे मी खात्रीने सांगू शकते. नगरात कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं कार्यालय होतं. खाली धोतरजोड्या विकल्या जात आणि वर आम्ही महासत्तांना जाब विचारत असू.

मी भिंगारची. वडील लष्करी कचेरीत कारकून होते. 'आय हॅव द ऑनर टु स्टेट' हे वाक्य मी त्यांच्याकडून पाढ्यांच्या वयातच शिकले. बी. ए. झाल्यावर घरात दोन गोष्टींची वाट पाहणं चाललं होतं, लग्नाची आणि नोकरीची. नोकरी आधी आली.

साहेब मूळचे जामखेडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पुण्याला वकिली शिकले, पण वकिली न करता राजकारणात पडले. अंगाने दणकट, आवाज मैदानी, स्वभाव सरळ. त्यांचा पक्ष नुकताच दुभंगला होता. आपण कोणत्या तुकड्यात आहोत हे त्यांना विचारलं, की ते म्हणत, "मी जनतेच्या तुकड्यात आहे."

अधिवेशन नसलं की शनिवारी सकाळी ते कार्यालयात येत. वर्तमानपत्र उघडत, कुठल्यातरी देशावर बोट ठेवत आणि म्हणत, "पोरी, ह्या बेटावर परक्यांचं आरमार उतरतंय म्हणे. घे, विचार."

मग मी कागद चढवून टाईप करायची, 'परराष्ट्रमंत्री कृपा करून सांगतील काय, की...' प्रत्येक प्रश्नाची सुरुवात अशीच करावी लागे. कृपा न करता सांगण्याची मंत्र्यांना सोय नव्हती. प्रश्नावर तारा, म्हणजे चांदणीची खूण असली, की मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागे आणि साहेबांना वर उपप्रश्न विचारता येई. तारा नसली तर नुसतं छापील उत्तर मिळे. साहेबांना तारेशिवाय चैन पडत नसे. प्रश्न इंग्रजीतच जायला हवा, हाही त्यांचा हट्ट. "हिंदीत विचारलं तर त्यांना कळतं," असं ते म्हणत.

एकदा मी धीर करून म्हटलं, "साहेब, आपल्या भागातल्या विहिरींबद्दल एखादा प्रश्न घालू या का?"

त्यांनी चष्मा काढला. "पोरी, विहिरीबद्दल विचारलं, की लोक विहीर मागायला येतात. बेटाबद्दल विचारलं, तर बेट मागायला कोणी येत नाही."

त्यात तथ्य होतं. शिवाय लोकांनाही बेटच आवडे. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर कोणीतरी वर्तमानपत्रातलं कात्रण वाचून दाखवी आणि मंडळी मांड्यांवर थापा मारत, "आमच्या सायबानं अमेरिकेला इचारलं! लई खडसावून इचारलं!" अमेरिकेने काय उत्तर दिलं, हे कोणी विचारत नसे.

मग तो मोठा दुष्काळ आला. विहिरींनी तळ दाखवला आणि अर्धा जिल्हा खडी फोडायला बसला. बायका, पुरुष, म्हातारे, सगळे दुष्काळी कामांवर. धान्य मिळे ते मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणा नसतो. भाकरी थापायला घेतली की कडा चिरतात आणि तव्यावर जाईपर्यंत तिचे तुकडे होतात.

साहेब जीपमधून कामांची पाहणी करायला निघाले. टिपणं घ्यायला मला बरोबर घेतलं. जामखेडच्या वाटेवर एका कामावर दुपारच्या सुट्टीत आम्ही पोचलो. साहेबांनी दोन्ही हात जोडले आणि भाषणाला सुरुवात करणार, इतक्यात एक मध्यम वयाची बाई पुढे आली. पदराने घाम पुसला, फडक्यातून एक भाकरी काढली आणि सरळ साहेबांच्या हातात ठेवली.

"ही काय?" साहेब म्हणाले.

"अमेरिकेची भाकर हाय, सायेब. तुमचं अन् अमेरिकेचं बोलनं हुतं म्हनत्यात. तर त्यास्नी येवढं सांगा, ही दावनीचं जनावर बी खाईना."

लोक हसले. मग सगळे साहेबांकडे पाहू लागले. भाकरी हातात आहे म्हटल्यावर ती खाणं भाग होतं. साहेबांनी तुकडा मोडला. तो मोडताना आवाज झाला. तोंडात घालून ते चावू लागले, चावतच राहिले. लोकप्रतिनिधीला घास थुंकता येत नाही आणि तो घास गिळण्यासारखा नव्हता. मुकादमाने तांब्याभर पाणी आणून दिलं तेव्हा कुठे देशाची ती अडचण सुटली.

"विचारतो," साहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घास अडकल्यामुळे की कशामुळे, ते मला ठरवता आलं नाही. पण कार्यालयात शिरताच ते म्हणाले, "कागद चढव."

प्रश्नाचे तीन भाग केले. (अ) दुष्काळी कामांवर परदेशी तांबडी ज्वारी दिली जाते, हे खरे आहे काय? (ब) तिची भाकरी होत नाही, हे खरे आहे काय? (क) असल्यास, शासन काय करणार आहे? सवयीप्रमाणे साहेबांनी तो परराष्ट्रमंत्र्यांच्या नावे पाठवायला लावला. तिकडून पत्र आलं, की ज्वारी परदेशी असली तरी विषय अन्नाचा आहे, सबब प्रश्न अन्न खात्याकडे वर्ग केला आहे. अन्न खात्याने राज्याकडे माहिती मागवली. राज्याने कलेक्टरकडे, कलेक्टरने तहसीलकडे. प्रश्न दिल्लीहून निघून एकेक पायरी खाली उतरत होता, हे आम्हाला पुढे कळलं, कारण शेवटची पायरी आमच्याच जिन्याची निघाली.

एका दुपारी नायब तहसीलदार वर आले. सज्जन माणूस, दुष्काळाच्या कामाने पार वाळून गेलेला. पिशवीतून कागद काढून म्हणाले, "ताई, आमचा टायपिस्ट मजुरांची हजेरी घ्यायला गेलाय. एवढं इंग्रजी उत्तर करून द्याल का? संध्याकाळच्या टपालात जायला हवं."

मी कागद पाहिला. तो माझाच प्रश्न होता.

"अहो, हा आमच्याच साहेबांचा प्रश्न आहे!"

"हो ना," ते म्हणाले. "म्हणूनच म्हटलं, तुम्हाला विषय माहीत असेल."

मी उत्तराचा मसुदा वाचला. (अ) होय. (ब) नाही. सदर धान्याची भाकरी होते, असे स्थानिक चौकशीत आढळून आले आहे. (क) प्रश्न उद्भवत नाही.

"ही चौकशी कुठे झाली?" मी विचारलं.

"घरी," ते म्हणाले. "मंडळींना भाकरी करायला सांगितली. झाली. चांगली झाली." मग खाली मान घालून म्हणाले, "दुसरीकडे कुठे जायला वेळच नव्हता हो."

साहेब आतल्याच खोलीत होते. मी जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं, भडकतील. ते तर खुर्चीतून उठून उभेच राहिले. "करून दे! शुद्ध, सुंदर इंग्रजीत करून दे! उत्तर आधी हातात पडलेला खासदार या देशात दुसरा नसेल. आता मी सभागृहात भाकरीच दाखवतो. बघू कसा उद्भवत नाही प्रश्न."

अशा रीतीने प्रश्नही मीच टाईप केला आणि उत्तरही. त्या महिन्यात देशाचा कारभार माझ्या दहा बोटांवर चालला होता.

अर्थसंकल्पाचं अधिवेशन चालू झालं. वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, दिल्लीला जायच्या होत्या. सोबत म्हणून आणि टायपिंगसाठी म्हणून त्यांनी मलाही घेतलं. मनमाडला गाडी बदलून आम्ही निघालो. सामानात मिलोच्या पिठाची पिशवी, घरची परात आणि लोखंडी तवा होता. दिल्लीच्या तव्यांवर वहिनींचा विश्वास नव्हता.

प्रश्नाला तारा मिळाली होती. तो सभागृहात येणार होता त्या सकाळी साहेब दिल्लीच्या घरातल्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"हे बघ, कामावरच्या बायकांची होते तशीच व्हायला पाहिजे. चिरलेली, तुटकी."

"म्हणजे वाईट करू?" वहिनींनी विचारलं.

"खरी कर."

"अहो, पाहुण्यांसमोर जाणार ना ती? एवढ्या मोठ्या सभेत? माझ्या हातची?"

"पाहुणे नाहीत ते, मंत्री आहेत."

"मग तर झालंच," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पाणी उकळायला ठेवलं.

मी शेजारीच होते. त्यांनी उकळतं पाणी घालून पीठ झाकून ठेवलं, मग तळहाताच्या टाचेने कितीतरी वेळ मळलं. एक भाकरी बिघडली, ती त्यांनी बाजूला सारली. साहेब म्हणाले, "तीच दे." वहिनींनी ती मोडून पुन्हा पिठात मळून टाकली. शेवटची भाकरी टम्म फुगली. गोल, पातळ, एकही चीर नाही. रंग तेवढा तांबडा. साहेबांनी ती रुमालात गुंडाळताना जो चेहरा केला, तो मला अजून आठवतो. पण घड्याळ पुढे सरकत होतं आणि दुसरं पीठ नव्हतं.

वहिनी आणि मी प्रेक्षकांच्या सज्जात बसलो. तिथे बोलायचं नाही, वाकून पाहायचं नाही, मांडीवर मांडी टाकायची नाही, असे नियम होते. खाली सगळे नेमकं तेच करत होते. पहिला अर्धा तास आमच्या त्या जुन्या बेटाबद्दलच्या दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नात गेला. परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं, की सरकार परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहे. त्यावर पाच उपप्रश्न आले आणि पाचही वेळा सरकारने बारकाईने लक्ष ठेवलं.

मग साहेबांचा क्रमांक पुकारला गेला. अन्नमंत्री उठले आणि माझं इंग्रजी वाचू लागले. एक स्वल्पविराम त्यांनी चुकवला, तेवढा मला लागला. "प्रश्न उद्भवत नाही," असं म्हणून ते बसले.

साहेब उठले. हिंदीत बोलले, पण ती हिंदी जामखेडवरून आलेली होती. "अध्यक्ष महोदय, मंत्री म्हणतात भाकरी होते. मी म्हणतो होत नाही. हा घ्या पुरावा!" आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून भाकरी उंच धरली.

ती भाकरी खिडकीतल्या उजेडात सुरेख दिसत होती. माझ्या शेजारी वहिनींनी पदर सावरला.

मंत्री हळूच उठले. "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांचा मी आभारी आहे. भाकरी होते, हे शासनाचं म्हणणं त्यांनी सप्रमाण सिद्ध केलं."

मग जो हशा उसळला, तो दोन्ही बाजूंच्या बाकांवरून उसळला. साहेबांच्या स्वतःच्या तुकड्यातलेही हसले. अध्यक्ष म्हणाले, "सभागृहात वस्तू दाखवता येत नाहीत. सन्माननीय सदस्यांनी भाकरी खिशात ठेवावी." साहेब काहीतरी ओरडत होते. कामावरची बाई, जळण, ऊन असे शब्द मला ऐकू आले. पण तोवर पुढचा क्रमांक पुकारला गेला होता.

संध्याकाळी साहेब घरी आले. साहेबांनी कोट काढताना खिशातून रुमाल सोडवला. भाकरी पार कडक झाली होती. त्यांनी ती टेबलाच्या कडेवर आपटली. टक्कन आवाज झाला.

"आता झाली बघ," ते म्हणाले. "सकाळी अकराला मऊ होती. बाया सकाळी घेऊन जातात आणि दुपारी खातात. प्रश्नोत्तराचा तास दुपारनंतर असता, तर मी जिंकलो होतो."

"मला आधी सांगायचं ना तसं," वहिनी म्हणाल्या. "आदल्या रात्री केली असती."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि अचानक हसू लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. वहिनीही हसल्या. मी हसावं की नाही ते मला कळेना, पण हसले. मग ती भाकरी तिघांनी आमटीत भिजवून खाल्ली. आमटीतही ती घशाला खरवडत होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बातमी आली. दिल्लीच्या पत्रांनी ती चुटका म्हणून छापली आणि आपल्याकडच्या पत्रांनी 'संसदेत भाकरी कडाडली' असा मथळा दिला. टपरीवर कात्रण वाचलं गेलं. मांड्यांवर थापा पडल्या.

पुढे काही दिवसांनी कामांवर गहू येऊ लागला. नायब तहसीलदारांनी मला कारण सांगितलं, गोदामातली मिलोच संपली होती. पण लोकांनी गव्हाचा आणि साहेबांचा संबंध जोडला तो जोडलाच. सत्कार ठरला. बाजारतळावर मांडव, कर्णे, हार. वक्त्यांमागून वक्ते सांगत होते, की साहेबांनी मंत्र्यांच्या टेबलावर भाकरी आपटली तेव्हा मंत्री चळाचळा कापले. वहिनी आणि मी बायकांत बसलो होतो. भाकरी कोणी केली, हे कोणी विचारलं नाही, आणि त्याचं वहिनींना बरंच वाटलं असावं.

शेवटी साहेब उठले. मी लिहून दिलेलं भाषण त्यांनी खिशातच ठेवलं.

"मंडळी, मला हार घालू नका," ते म्हणाले. "गहू मी आणला न्हाई. मिलो संपली म्हणून गहू आला. मंत्र्यापुढं माझं काही चाललं न्हाई. तिथं मला सगळे हसले. खरं ते सांगतो."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "बघा, येवढं करून बी किती नम्र!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की कर्णा शिट्टी मारू लागला. साहेब जसजसे हात वर करून "खरं सांगतोय, खरं सांगतोय," म्हणत होते, तसतशा टाळ्या वाढत होत्या. आणखी सहा हार पडले.

जीपमध्ये बसल्यावर त्यांनी गळ्यातले हार काढून मांडीवर ठेवले आणि ते बाहेर पाहू लागले. रस्त्याच्या कडेला फोडलेल्या खडीचे ढीग ओळीने उभे होते.

"पोरी," ते म्हणाले, "खरं बोललो तरी भाषणच झालं की गं ते."