दादाच्या पायांचं गाणं

माझ्या नावामागे 'ज्येष्ठ' हा शब्द पहिल्यांदा छापून आला तेव्हा मी घाबरलो. बातमी छोटी होती. ज्येष्ठ पॉप रॉक गायक नव्या स्टुडिओ अल्बमवर काम करत आहेत, एवढंच. 'ज्येष्ठ' म्हणजे अजून आहेत, असा मी त्याचा अर्थ लावला आणि कामाला लागलो.

मला सतत अपराधी वाटत असतं. हा माझा स्वभाव आहे आणि खरं म्हणजे धंदाही आहे. माझे आधीचे सगळे अल्बम कुणाची ना कुणाची माफी मागणारे होते. एकात मी खाडीची माफी मागितली, एकात आमच्या गेलेल्या शेतीची, एकात बायकोची. खाडी आणि शेती काही बोलल्या नाहीत. बायको म्हणाली, चाल बरी आहे.

सगळ्यात मोठी माफी मात्र राहिली होती. ती दादाची. आम्ही उरणकडचे, मिठागरवाले. लहानपणापासून माझ्या डोक्यात चित्र असं की दादाने शाळा सोडली, मिठागरात उतरला, आणि त्याच्या कष्टांवर मी पनवेलला कॉलेजात गेलो, गिटार घेतली, केस वाढवले. ही गोष्ट मी प्रत्येक मुलाखतीत सांगितली आहे. सांगताना एका ठिकाणी थांबतो, पाणी पितो, मग पुढे सांगतो. या अल्बमचं मुख्य गाणं तेच होतं. मिठाच्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. माणसं रांगेत उभी राहून एका तालात तुडवतात. तोच ताल मी ड्रमला दिला. वर इलेक्ट्रिक गिटार, आणि शब्दांत दादाचे मिठाने फाटलेले पाय, तळव्याच्या भेगा, भेगांत मीठ. तिसऱ्या कडव्यात तो अनवाणी उभा आहे आणि मी बांधावरून बूट घालून जातो आहे.

रेकॉर्डिंग दादाच्याच यार्डात चाललं होतं. दादाचे आता ट्रेलर आहेत, बंदरात कंटेनर वाहतात. त्याने मला एक जुना थंडीचा कंटेनर दिला होता, ज्यातून मासळी परदेशी जाते तसला. त्याच्या भिंती इतक्या जाड की दार लावल्यावर शेजारी ट्रेलर मागे घेतला तरी कळत नाही. दादाने आत वीज ओढून दिली, एसी बसवला, गाद्या ठोकून दिल्या. मासळीचा वास मात्र गेला नाही. ज्याची माफी मागायची त्याच्याच विजेवर मी माफी मागत होतो, आणि मला हे फार सुंदर वाटत होतं. दादा कधी आत डोकावला नाही. एकदाच दारातून विचारलं, पंखा पाहिजे का.

चूक झाली ती कामाच्या पद्धतीमुळे. गाणं मिक्स झालं की आम्ही ते गाडीत ऐकून बघतो. स्टुडिओतले स्पीकर खुशामत करतात, गाडीतले करत नाहीत. मुंबईत असताना साउंडवाला स्वतःच्या गाडीत ऐकायचा. इथे यार्डात गाड्या म्हणजे ट्रेलर, आणि ट्रेलरमधले स्पीकर तर लग्नाच्या मांडवाला पुरतील असे. त्याने पेन ड्राइव्ह एका ड्रायव्हरला दिला आणि सांगितलं, बंदराच्या गेटपर्यंत जाऊन ये, बेस फाटतो का बघ. गेटवर रांग होती. रांगेत ड्रायव्हर लोकांना दुसरं काय काम असतं? दुपारपर्यंत गाणं एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या फोनवर गेलं, आणि संध्याकाळी त्या रांगेतल्या प्रत्येकाला कळलं होतं की आमच्या शेठच्या तळपायांना भेगा आहेत.

दुसऱ्या दिवशी यार्डातली माणसं दादाच्या चपलांकडे बघू लागली. चहावाल्याने त्याला खुर्ची पुढे केली, जे त्याने आजवर केलं नव्हतं. बिहारकडचा एक म्हातारा ड्रायव्हर मोहरीच्या तेलाची बाटली घेऊन ऑफिसात आला आणि म्हणाला, रात को लगाके सो जाना शेठ. दादाला काही कळेना. त्याने बाटली घेतली, आभार मानले आणि हिशेबनीसाला विचारलं की आज काय आहे.

वहिनी आम्हाला डबा घेऊन आली तेव्हा कंटेनरचं दार उघडं होतं आणि तिसरं कडवं वाजत होतं. ती बोंबलाच्या कालवणाचा डबा हातात धरून पूर्ण कडवं ऐकत उभी राहिली.

"भावजी, यो अनवाणी मानूस कोन?"

मी सांगितलं. तिने डबा खाली ठेवला. मग शांतपणे सांगितलं की रविवारी अलिबागहून पाहुणे येणार आहेत, पुतणीला बघायला. मुलाच्या घरचेही ट्रेलर आहेत, तेही त्याच गेटवर उभे असतात. दीड वर्ष स्थळं बघून हे एक स्थळ पोरीने स्वतःहून बरं म्हटलं आहे. घरात नवं फर्निचर आलं आहे, भिंतींना रंग दिला आहे. आणि आता तुम्ही गावभर सांगताय की पोरीचा बाप अनवाणी आहे. एवढं बोलून ती गेली. कालवण चांगलं झालं होतं. ते चांगलं लागलं याचंही मला वाईट वाटलं.

संध्याकाळी दादाने ऑफिसात बोलावलं. फोन टेबलावर होता, गाणं नुकतंच संपलेलं. मला वाटलं, हाच तो क्षण. मी खुर्चीच्या कडेवर बसलो आणि मिठी मारायला सोयीचं जाईल असं थोडं पुढे सरकलो.

दादा म्हणाला, "तू यो कुठून काढलास?"

मी म्हणालो, आपलं आयुष्य आहे दादा. तू शाळा सोडलीस, माझ्यासाठी.

"तुज्यासाठी? मी नववीला दोनदा नापास झालो. बाबांनी शिक्षा म्हनून नेला मना मिठागरान." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आनी तितं बी मी शेडन झोपाचो रं. रेडिओ लावून. माजी रांग आई तुडवाची. बाबांना आजून म्हाईत नाय."

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. तरी दादाने हे सांगताना दाराकडे बघितलं.

तीस वर्षं वाहिलेलं ओझं कुणी हातातून काढून घ्यावं आणि म्हणावं, हे तुझं नव्हतंच, तर माणसाला हलकं वाटायला हवं. मला चोरी झाल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, पण दादा, भावनेच्या पातळीवर ते खरंच आहे.

"तुजा जो काय खरा आसल तो तुज्यापाशी ठेव," दादा म्हणाला, "माजं पाय सोड."

गाणं काढून टाक असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी त्याच्याशी वाद घातला असता. तो एवढंच म्हणाला की रविवारी ये, नवा शर्ट घाल, आणि कुणी काही विचारलं तर पोरीकडे बघ आणि मग बोल.

रविवारपर्यंत मी नीट झोपलो नाही. दोन अपराध आता समोरासमोर उभे होते. गाणं खोटं आहे हे मला कळलं होतं, म्हणजे ते जगासमोर कबूल करायला हवं. मी प्रामाणिकपणासाठी ओळखला जाणारा गायक आहे. आणि कबूल करायचं म्हणजे सांगायचं की माझा भाऊ नापास झाला आणि शेडमध्ये झोपायचा. हे सांगायला जागा एकच, पाहुण्यांची बैठक.

पाहुणे आले. मुलगा नीट, लाजरा. पुतणीने चहा आणला नाही, ती सरळ येऊन बसली आणि मुलाशी बोलू लागली. वहिनीने ते दिसलं नाही असं केलं. आई कोपऱ्यातल्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. नव्या सोफ्यावर पाय टेकवायचं तिला जिवावर येतं.

चहा झाल्यावर मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला आणि दादाकडे बघून म्हणाले, "गाणं ऐकलं. आमच्या ड्रायव्हरने पाठवलं."

वहिनीचा हात पदरावर थांबला. दादा भिंतीवरच्या नव्या रंगाकडे बघू लागला.

ते गृहस्थ म्हणाले की त्यांचे वडीलही मिठागरातले. हे आजवर कुठल्या बैठकीत बोलायची लाज वाटली होती. पण ज्या घरात धाकटा भाऊ मोठ्याच्या पायांचं गाणं करतो त्या घरात आपली मुलगी नाही पण मुलगा तरी द्यावा असं वाटलं. असं म्हणून ते हसले आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी दादाला विचारलं, अजून दुखतात का हो?

दादाने माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे, ज्यांत नवेकोरे मोजे होते. मग हळूच म्हणाला, थंडीत थोडं.

ते ऐकून मी उभा राहिलो. खोटं इतकं जवळ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मीच घरात आणलं होतं. मी म्हणालो, "खरं सांगायचं तर..."

सगळे माझ्याकडे वळले. वहिनीने डोळे मिटले. मला दादाचं सांगणं आठवलं आणि मी पुतणीकडे बघितलं. ती मुलाला फोनवर काहीतरी दाखवत होती, तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर विनवणी वगैरे काही नव्हती. काका आता किती वेळ घेणार, असं होतं.

"खरं सांगायचं तर," मी म्हणालो, "गाण्यात मी फार कमी लिहिलंय. दादाने त्याहून पुष्कळ सोसलं."

मुलाच्या वडिलांनी उठून माझे हात धरले. दादाला ठसका लागला. वहिनीने पेढे पुढे केले आणि बोलणी तिथेच ठरली.

मी आईकडे बघायचं टाळलं आणि मग बघितलंच. ती पदराने पाय झाकत होती.

नंतर मी स्वयंपाकघरात गेलो. ती कप विसळत होती. मी सुरुवात केली, आई, मला कळलं आहे की ती रांग... तिने नळ मोठा केला. म्हणाली, पोरीचं जमलं ना? मग आता तू कुणावर गाणं करू नको. माझ्यावर तर नकोच. मी विचार केला होता, अल्बममध्ये शेवटी एक छोटं गाणं बसलं असतं. नुसती गिटार. ते मी केलं नाही. सुचूनही न केलेलं हे माझं एकमेव गाणं, आणि याचाही मला थोडा अभिमान वाटतो, हे लिहिताना लाज वाटते.

अल्बम आला. ते गाणं काढता येत नव्हतं. काढलं असतं तर अलिबागला प्रश्न पडले असते. ज्येष्ठ गायकाचा सर्वांत प्रामाणिक अल्बम, असं कुणीतरी लिहिलं. मी आभार मानले.

पण माझ्यापेक्षा दादाला ते गाणं जास्त लागू पडलं. आता सोयऱ्यांची बैठक भरली की तो स्वतःच मिठागराचा विषय काढतो. उन्हाचं सांगतो, भेगांचं सांगतो, दर वेळी एखादी भेग नवी असते. परवा तर बाबा त्याला आता पुरे म्हणायचे आणि तोच थांबायचा नाही, असंही सांगून झालं. मध्येच माझ्याकडे हात करून म्हणतो, "विचारा याला, यानं गान्यान लिवलंय."

मी मान हलवतो. कोपऱ्यातल्या सोफ्यावरून आई टीव्हीचा आवाज वाढवते.