मनूच्या दोन बोल्या आणि सुमनताई

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिखलीला, बँकेत काउंटरवर होते. सकाळी तर भाकरी थापत होत्या... फोनवर थोरल्या दिरांना धड बोलवत नव्हतं, आणि मी मात्र "नक्की का? डॉक्टरांनी पाहिलं का?" असं खोदून खोदून विचारत राहिले. स्वभावच संशयी माझा. त्यांच्या बाबतीत तर जरा जास्तच.

सुमनताई माझी थोरली जाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी पुण्याची, लग्न होऊन अमडापूरला आले, आणि माझी मुलगी मनू रांगायला लागल्यावर तिला त्यांच्या हवाली करून नोकरीवर जाऊ लागले. मनू बोलायला लागली आणि माझं डोकंच फिरलं. माझ्याशी सरळ, "आई, मला भूक लागली." माझी पाठ वळली की आतून सुमनताईंना, "मले भूक लागली वं, मोठीमाय!" एवढंसं पोर, हे जमतं कसं? नक्कीच पढवलेलं असणार, आईसमोर चांगलं बोल म्हणून. मग आणखी काय काय पढवत असतील?

एकदा तोंडावरच विचारलं. त्या हसल्या. "म्या कायले शिकवू वं? ज्याच्या तोंडचं जसं आयकते, तसं त्याच्याशी बोलते ते."

मला काही पटलं नाही. मी मनूकडे निरोप दिला, "मोठीमायला सांग, मला उद्या यायला उशीर होईल," आणि दाराआड उभी राहिले. पोरगी आत जाऊन म्हणते, "आईले उद्या याले उशीर होईन म्हणे." हे वाक्य तर मी आत्ताच तयार केलेलं, कोण कशाला पढवेल? दोन्हीकडचं व्याकरण तिचं तिनंच कानांनी उचललं होतं. हे कळलं, तरी संशय गेला नाही, त्यानं फक्त जागा बदलली. दोन बोल्या, ठीक आहे... पण आतली कोणती? पुढे एकदा ती तापली होती, माझ्याच मांडीवर होती, आणि म्हणाली, "पानी दे वं." माझी मुलगी माझी राहिली नाही असं वाटलं मला, स्पष्टच सांगते. सुमनताईंनी स्वतः न पाजता पेला माझ्या हातात दिला. मला तेही खुपलं.

त्या गेल्या आणि मनूच्या तोंडून ती बोली एकदम बंद झाली. सगळं बोलणं माझ्यासारखं. मला हवं होतं तेच झालं म्हणायचं, पण चैन कुठली! विसरली, की माझ्यापासून लपवतेय? परवा रविवारी ती अंगणात खेळत होती. मी सुमनताईंच्या चुलीपाशी बसले आणि अगदी त्यांच्यासारखी हाक मारली, "मनू वं, भाकर खाशीन काय?"

"हाव, आली वं!"

धावतच आली. दारात थबकली. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, मग चुलीच्या पलीकडे.

"आई... तू होतीस?"

मी भाकर पुढे केली. तिनं घेतली नाही.