भाऊबीजेला तिबेटवरून भांडण

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. म्हणून बेंबळीत पारावर रोज पेपर मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडं होतं. तिबेटातली माणसं चिनी बंदुकांपुढून पळून, डोंगर ओलांडून आपल्याकडं आली, त्या सालची ही गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर बातमी वाचली: त्यांच्यावरच्या जुलमाविरुद्धचा ठराव जगाच्या सभेत मताला आला आणि आपला प्रतिनिधी तटस्थ राहिला. आसरा दिलाय, पण इथं राहून राजकारण करू नका, असं दिल्लीचं म्हणणं. माझं डोकंच फिरलं. घरी येऊन मी दिल्लीला निषेधाचं पत्र लिहायला घेतलं.

भाऊबीजेला मामा आले. मामा निजामाच्या जुन्या हद्दीपलीकडच्या, बार्शीकडच्या गावचे पोलीस पाटील. आई विधवा, ती ओवाळत नसे. पण तिच्या हातचं जेवल्याशिवाय त्यांची भाऊबीज होत नसे. स्वयंपाक होईतो त्यांनी मला पत्र वाचायला लावलं.

"मायला, बी.ए. झालास की दिल्लीला अक्कल शिकवाया लागलास?" मामा हसले. "आसरा दिला, खायाला दिलं. आनखी काय डोक्यावर घ्यायचं त्यांना?"

"मामा, खायला जनावरालाही घालतात. त्यांच्या बाजूनं एक मत द्यायला काय झालं होतं?"

"चीन उशाला हाय बाबा. तुला बेंबळीत बसून बोलायला काय जातंय?"

"तुम्हीही आम्हाला असंच ठेवलं होतं."

मामांचं हसू गेलं.

निजामाच्या शेवटच्या वर्षी त्याच्या बंदूकवाल्यांनी माझ्या वडलांना वेशीत मारलं. आई मला झोपेतून उठवून रातोरात हद्द ओलांडून मामांकडं गेली. दिल्लीचा तेव्हा निजामाशी जैसे थे करार होता, म्हणून त्याच्याविरुद्ध बोलणं मामांना धोक्याचं वाटे. मामांनी आईला पहिल्याच दिवशी बजावलं: पोटभर खा, पण झाल्या गोष्टीचा शब्द काढू नको, अर्ज देऊ नको, माझी पाटीलकी जाईल. शेजारणी विचारायच्या तेव्हा आई सांगायची, तापानं गेले. पुढं बेंबळीला परतल्यावरही ती तेच सांगत राहिली. मलासुद्धा. खरं मला गावानं सांगितलं, तेही अर्धवट.

"माझ्या भाकरीवर वाढलास, हरामखोरा!"

"वाढलो. पण त्या भाकरीपायी आईचं तोंड शिवलंत तुम्ही."

"इचार की तिला! एका शब्दानं कधी तक्रार केली का तिनं?"

आई ताट घेऊन दारात उभी होती. ताट तिनं मामांपुढं ठेवलं आणि माझ्याकडं वळली.

"तिबेटाचं झालं का लिहून?"

"व्हय."

"कागद उरलाय?"

"हाय."

"मग तुझ्या बापाचं लिही. म्या सांगते."

माझी मान खाली गेली. ल्हासावर मी तीन पानं लिहिली होती. वडलांवर आजवर एक ओळ नाही.

मामा ताटावरून उठले. "निघतो. एसटी जाईल."

"बसा, दादा," आई म्हणाली. "जेवू नका. पर ऐकून जावा."

मग तिनं सांगितलं. कितीजण आले, वडलांना नावानं हाक कुणी मारली, ते बैलांना पेंड घालत होते आणि हात न धुताच कसे गेले. रडली नाही. मी लिहीत गेलो. एसटी केव्हाच गेली होती, ताटावर माश्या बसत होत्या, आणि मामा उंबऱ्याकडं बघत होते. शेवटी आई म्हणाली, "तापानं न्हाय गेले." तेही मी लिहिलं. तिनं खाली अंगठा उठवला.

"हे आता पाठवायचं कुठं?" मी विचारलं. निजाम जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"दे त्यांच्या हातात," आई म्हणाली. "पाटील हायेत न्हवं?"

मामांनी कागद घेतला, घडी करून कोटाच्या खिशात घातला आणि उपाशीच चालत निघाले. पुढच्या भाऊबीजेला ते आले नाहीत. आम्हीही बोलावलं नाही.