माळाला कुंपण

आमच्या गावाला माळ आहे, हे माझ्या धाकट्या दिराला चाळिशी उलटल्यावर कळलं. आळेफाट्याला त्याचं टायरचं दुकान आहे. रविवारी तो गावी येतो, माझ्या हातचं जेवतो आणि गावाचा विकास करतो. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण यानं शेळ्याच बंद करायच्या ठरवल्या.

खाली पारगावच्या कारखान्याला जाणारा ऊस आणि वर हा खडकाळ माळ, एवढंच आमचं गाव. माळाची एक रीत होती. नागपंचमीपासून दसऱ्यापर्यंत तिथं कुणी जनावर घालायचं नाही. तेवढ्यात पवन्या आणि मारवेल ही गवतं फुलतात, त्यांचं बी गळतं. दसऱ्याला सोनं वाटून झालं की माळ मोकळा. आधी गावच्या गायी, मग दिवाळीनंतर पारनेरकडून कोकणात निघालेल्या धनगरांची मेंढरं. उन्हाळ्यापर्यंत वाळकं गवत खाऊन संपायचं, वर लेंडीखत पडायचं आणि पाऊस लागला की कोवळं गवत मोकळेपणी फुटायचं. यात कुणाचं शहाणपण नव्हतं. सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं सांगितलं असेल.

दिरानं ग्रामसभेत कायमच्या चराईबंदीचा ठराव मांडला. जनावरांनी माळ भादरला, आता कुंपण घालून झाडं लावू, असं त्याचं म्हणणं. आमचे मालक गप्प बसले. धाकट्या भावापुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. मग मीच उठले. म्हटलं, "भाऊजी, गवत खाल्लं न्हाई तर जाग्यावर कुजतं. दसऱ्यापत्तुर माळ बंदच असतो की. मंग आनखी कशाला बंद करायचा?" सगळे हसले. दीर म्हणाला, "वहिनी, तुमी चुलीकडं बघा."

चराईबंदीच्या उद्घाटनाला त्यांनी माळावरच मटणाचं जेवण केलं. बोकड त्याच माळावर चरून पोसलेला होता, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. वरपून वरपून रस्सा पिताना पर्यावरणावर भाषणं झाली, आणि पत्रावळ्या तिथंच टाकून मंडळी घरी गेली.

पहिल्या वर्षी गवत कमरेला लागलं. दिरानं ड्रोनवाला आणून व्हिडिओ काढला आणि सगळ्या नात्यागोत्यात फिरवला. उभं गवत म्हणजे चांगलं गवत, ही उसात वाढलेल्या माणसांची अक्कल. गवत काय कारखान्याच्या काट्यावर घालायचंय? पुढच्या पावसात तेच वाळकं गवत आडवं झालं, कुजलं, त्याच्याखाली नवा फुटवा पिवळा पडला. मारवेल गेला. कडेनं कुसळी आणि घाणेरी माजली. लावलेली झाडं उन्हाळ्यात वाळली. त्यांना पाणी घालायला रविवार सोडून कुणाला वेळ नव्हता आणि रविवारी मटण असायचं.

माझ्या तीन गायी होत्या. गाळप चालू असेतोवर उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला मिळायचा, पण नुसत्या वाढ्यावर गाय हाडकते, आणि कारखाना बंद झाला की तेही नाही. एकेक करून बेल्ह्याच्या बाजारात विकल्या. शेवटची गाय टेम्पोत चढेना, तिला मीच पुढं होऊन चढवली. घरी येऊन रडले. दुःखानं थोडी आणि रागानं जास्त.

मागच्या हिवाळ्यात माळावरच्या वाळक्या गवतात बिबट्याची मादी पिल्लं घेऊन राहिली. उसातला बिबट्या आम्हाला नवा नाही, पण माळाला लागून शाळा आहे. आता ठराव करणाऱ्यांची पाचावर धारण बसली. ग्रामसभा परत भरली, मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी, रविवार नसताना, दीर ओसरीवर हजर. मी चहा दिला. पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ होता.

"वहिनी, तुमचंच खरं व्हतं. वनखात्यानं मादी-पिल्लं हलवली की माळ मोकळा करतोय. तुमच्या गाया सोडा. गवत जरा बसलं पायजे."

गायी जाऊन वर्ष झालं होतं. हा माणूस दर रविवारी माझ्याकडे जेवत होता, गोठा मागच्या दारी पंधरा पावलांवर, आणि याला पत्ता नव्हता. मला हसू आलं, आणि त्या हसण्याचीही किळस आली.

"भाऊजी," मी म्हटलं, "वरीसभर च्या कशाच्या दुधाचा पिताय?"

त्यानं कपात वाकून पाहिलं.

"पिशवीचं हाय," मीच सांगितलं.

त्यानं कप खाली ठेवला. मग कुणाच्या गायी मिळतील, असं विचारलं. मी त्याला घरं मोजून दाखवली. ज्यांच्याकडे जर्सी आहेत त्यांच्या गायी दावणीच्या बाहेर पडत नाहीत, बाकीच्यांनी माझ्यासारख्याच विकल्या. धनगरांनी कुंपण बघून वाट बदलली, ते आता पलीकडच्या खिंडीतून जातात. तो उठून गेला. मादी हलवल्यावर त्यांनी कुंपण काढलं. दसरा होऊन गेला, माळ मोकळा आहे, आणि अजून तिथं एकही जनावर गेलेलं नाही.